एका बांधणीतले तीन विषय



महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत नियतकालिकांच्या मांडणीवर एका विशिष्ट जातीचा अंक हमखास दिसतो. गुळगुळीत मुखपृष्ठ, नावात ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘बहुविद्याशाखीय’ हे दोन शब्द, कोपऱ्यात आयएसएसएन क्रमांक. अनुक्रमणिका उघडावी तर पहिला लेख दुचाकी घेणाऱ्या ग्राहकांच्या समाधानावर, दुसरा बिनतारी संवेदकांच्या जाळ्यातील ऊर्जाबचतीवर आणि तिसरा मधुमेही रुग्णांच्या तपासण्यांवर. व्यापार, बिनतारी तंत्रज्ञान आणि वैद्यक एका बांधणीत आले, म्हणजे त्यांची एकमेकांशी ओळख झाली असे नाही. एसटीच्या एका बाकावर बसलेल्या तीन अनोळखी प्रवाशांसारखे ते असतात: तिकीट तिघांनीही काढलेले, उतरायचे ठिकाण ज्याचे त्याचे वेगळे. या तिन्ही लेखांची परीक्षा करू शकेल असा एक संपादक जगात कुठे असेल असे वाटत नाही. म्हणून बहुधा परीक्षा होतही नाही.

या अंकांची टिंगल करणे सोपे आहे आणि त्यात तासभर सहज जाईल. मला त्याऐवजी एक प्रश्न लावून धरायचा आहे. हेच तीन विषय आपल्या आसपासच्या गावांत खरोखर अभ्यासले गेले आहेत आणि त्यातून जगाने दखल घ्यावी असे काही हाती आले आहे. मग त्या कामांत असे काय होते, जे या अंकांत नसते? माझे उत्तर असे की, त्या कामांतल्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येण्याची मोकळीक होती. कल्पना जुनी आहे, तत्त्वज्ञानात ती कार्ल पॉपरच्या नावावर आहे. मला तिला एक पुरवणी जोडायची आहे. ‘नाही’ ऐकू येण्यासाठी एका जागी वर्षानुवर्षे मुक्काम करावा लागतो, नोंदी ठेवाव्या लागतात. असा मुक्काम ही मराठवाड्यातल्या आपल्यासारख्या प्रादेशिक विद्यापीठाची खरी ठेव आहे, आणि शोधनिबंध मोजण्याची आपली पद्धत नेमकी या ठेवीवरच पाणी सोडायला लावते.

व्यापारापासून सुरुवात करू. शेतकऱ्याच्या हाती मोबाइल आला की त्याला बाजारभाव कळतो, आणि भाव कळला की तो अडत्याच्या तावडीतून सुटतो, हे आपण सभांतून, भाषणांतून आणि जाहिरातींतून इतक्यांदा ऐकले आहे की ते तपासावे असे कुणाला वाटत नाही. २००७ साली रॉयटर्सने महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ नावाची सेवा सुरू केली. वर्गणी भरणाऱ्या शेतकऱ्याला एसएमएसवर त्याच्या पिकाचे भाव, हवामान आणि पीकसल्ला मिळे. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिन्टेन या अर्थशास्त्रज्ञांनी या सेवेची परीक्षा घेतली. पाच जिल्हे, पाच पिके, १०० गावे: कांदा, टोमॅटो, डाळिंब आणि गहू ही पिके नाशिक, पुणे, तेव्हाचे अहमदनगर आणि धुळे या जिल्ह्यांत, आणि आपल्या लातूरला सोयाबीन. काही शेतकऱ्यांना वर्षभराची वर्गणी फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि कुणाला द्यायची हे चिठ्ठी टाकल्यासारखे यदृच्छेने ठरवले. २०१२ साली निष्कर्ष छापून आला. शेतकऱ्याला मिळालेल्या भावात, पिकातून पडलेल्या पैशात, नासाडीत किंवा वाण बदलण्यात दखल घ्यावी असा सरासरी फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष एकटा वाचला तर नुसता निराशाजनक वाटतो. तो केरळच्या शेजारी ठेवला म्हणजे त्याची किंमत कळते. रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइलचे मनोरे उभे राहत असताना तारलीच्या बाजाराचा अभ्यास केला. मोबाइल येण्यापूर्वी एका बंदरावर गिऱ्हाईक नसल्याने मासळी फेकली जाई आणि काही मैलांवरच्या दुसऱ्या बंदरावर मासळी मिळत नसे. मोबाइल आल्यावर भाव जवळपास सगळीकडे सारखे झाले, फेकाफेक थांबली, मच्छीमाराचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. आता दोन्ही अभ्यास समोर ठेवून कारण शोधू या. होडी समुद्रातच असते, तिचे तोंड कुठल्याही बंदराकडे वळवता येते, आणि वळवले नाही तर काही तासांत माल कुजतो. लातूरच्या सोयाबीनवाल्याची बाजार समिती ठरलेली, टेम्पोचे भाडे ठरलेले आणि पेरणीच्या वेळी ज्याच्याकडून पैसे उचलले तो अडत्याही ठरलेला. त्याच्या अडचणीचे नाव ‘माहितीचा अभाव’ असे कधी नव्हतेच. भाव त्याला वर्तमानपत्रातून, आकाशवाणीवरून, बाजार करून आलेल्या शेजाऱ्याकडून कळतच होता. ही कारणमीमांसा माझी आहे, त्या संशोधकांच्या माथी ती मारू नये. पण ती करता आली ती एका ‘नाही’मुळे. ‘मोबाइल आणि शेतकरी सक्षमीकरण’ या मथळ्याच्या शंभर निबंधांतून ती करता आली नसती. १०० शेतकऱ्यांना प्रश्नावली देऊन ‘मोबाइलचा उपयोग होतो असे तुम्हाला वाटते का?’ असे विचारले तर बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. पाहुण्याला ‘नाही’ म्हणू नये, एवढी रीत आपल्या शेतकऱ्याला कळते.

बिनतारी तंत्रज्ञानाचे उदाहरण जरा गमतीचे आहे, कारण त्यात यंत्र बसवण्याऐवजी काढून टाकण्याचे संशोधन आहे. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातल्या ७० गावांसाठी १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक बसले आणि देशभर त्याचा बोलबाला झाला. शेतकरी इंटरनेटवरून जगाशी जोडला जाईल अशी भाषा होती. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे लोक तिथे गेले आणि त्यांनी साधी गोष्ट पाहिली: हे संगणक रोज कशासाठी वापरले जातात? उत्तर निघाले उसाचे वजन, खताची उचल, बिलाचा तपशील. एवढेच. मग त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिले. तेच काम कमी खर्चात आणि लोकांच्या पसंतीने झाले. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘गावात संगणक हवा का?’ या प्रश्नाला ‘या कामासाठी नको’ असे उत्तर देण्याची तयारी असलेला कुणीतरी तिथे जाऊन बसला, म्हणून हे कळले.

याच्या शेजारी आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बिनतारी जाळ्यांवर जे लिहिले जाते ते ठेवून पाहा. या क्षेत्रातल्या लोकांना नावे पाठ आहेत: एओडीव्ही, डीएसआर, डीएसडीव्ही या मार्गनिश्चितीच्या पद्धती, त्यांची एनएस-टू या सिम्युलेटरवर तुलना, शेवटी पाकिटे किती पोहोचली आणि उशीर किती झाला याचे आलेख. किंवा २००० साली मांडल्या गेलेल्या ‘लीच’ पद्धतीत एक लहानसा बदल आणि त्यामुळे ऊर्जा वाचल्याचा दावा. विद्यार्थ्याला हत्यार चालवायला शिकवण्यासाठी हे उत्तम आहे. पण त्या जाळ्यात भारनियमन नसते, उंदीर वायर कुरतडत नाही, मे महिन्यात पत्र्याच्या डब्यातली बॅटरी तापत नाही. सिम्युलेटरमध्ये आपण घालतो तेवढेच जग असते, त्यामुळे ते आपल्याला सहसा ‘नाही’ म्हणत नाही. उभ्या उसात बिनतारी लहर किती दूर जाते, पावसाने पाने ओली असताना किती आणि तोडणीच्या तोंडावर पाचट वाळलेले असताना किती, हा प्रश्न घ्या. पानांतले पाणी अशा लहरी शोषते, हे भौतिकशास्त्र सर्वांना ठाऊक आहे. पण संवेदक किती अंतरावर रोवायचे हे शेतात मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा पैठणपासून गंगाखेडपर्यंत गोदावरीकाठी उभी आहे. तिला भाडे पडत नाही.

वैद्यकाचे उदाहरण सर्वांत मोठे आहे, म्हणून त्यावर जरा जास्त थांबतो. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. पैसा गेट्स प्रतिष्ठानाचा होता. गावांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात आल्या. गट चार प्रकारांत वाटले: एकात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था. चाचणी आयुष्यात एकदाच. मग आठ वर्षे वाट पाहिली. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जे छापून आले ते असे: एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ स्त्रियांत पुढच्या अवस्थेतले कर्करोग ३९ आणि त्या रोगाने मृत्यू ३४, नेहमीच्या व्यवस्थेतल्या ३१,४८८ स्त्रियांत पुढच्या अवस्थेतले ८२ आणि मृत्यू ६४. म्हणजे एका चाचणीने मृत्यूचा धोका साधारण निम्म्यावर आला. उरलेल्या दोन पद्धतींत मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. त्यांतली डोळ्यांनी पाहण्याची पद्धत सर्वांत स्वस्त, म्हणजे यशस्वी व्हावी अशी सर्वांचीच इच्छा असलेली. तिला या अभ्यासाने ‘नाही’ म्हटले.

गोष्ट इथे संपत नाही. मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा मेमोरियलनेच दुसरा अभ्यास केला. त्यात हीच डोळ्यांनी पाहण्याची पद्धत दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांच्या हातून वापरली. २०१४ साली त्याचा निष्कर्ष आला: मृत्यूंत ३१ टक्के घट. धाराशिवचे ‘नाही’ आणि मुंबईचे ‘हो’ यांत खोटे कोण? कदाचित कुणीच नाही. एक फेरी आणि चार फेऱ्या हा एक फरक, खेडे आणि शहर हा दुसरा. विज्ञान पुढे जाते ते अशा अडलेल्या जागी. तिसऱ्या अभ्यासाची गरज तिथे उभी राहते आणि तो कुणी करायचा हे विचारावेसे वाटते.

धाराशिवच्या अभ्यासावर एक कठोर आक्षेप घेतला गेला आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. चौथ्या गटातल्या स्त्रियांची तपासणी का केली नाही? कर्करोग लवकर सापडला तर जीव वाचतो हे श्रीमंत देशांत माहीत असताना, खेड्यातल्या हजारो बायकांना नुसते पाहत राहायचे, हे नीतीला धरून होते का? बचाव असा केला जातो की, त्या जिल्ह्यात तेव्हा तपासणी होतच नव्हती, म्हणून कुणाचे काही काढून घेतले गेले नाही. हा बचाव मला अर्धाच पटतो. काढून घेतले नाही हे खरे, पण दारात आलेली वस्तू पुढच्या घरी दिली आणि या घरी दिली नाही, हेही खरे. माझ्या मते या आक्षेपाचे खरे उत्तर अभ्यासानंतरच्या वर्तनात द्यायला हवे होते. ज्या बायकांच्या जिवावर हे ज्ञान मिळाले त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ते पोहोचायला हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, आणि त्या शिफारशीच्या पायाखालच्या दगडांत धाराशिवची गावे आहेत. आपल्या देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के निघाल्या. ज्ञान निर्यात झाले, घरी उरले नाही.

आता बार्शीकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. प्रश्नाला ल्योंचा हातभार, पैसा अमेरिकेचा, मग यात आपले काय, असे कुणी म्हणेल. आपली होती एक वही. १९८७ साली बार्शीच्या रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. गावागावात जायचे, कुणाला गाठ आहे का, अंगावरून जाते का, कोण वारले, कशाने वारले, हे विचारायचे आणि लिहून ठेवायचे. या कामात चमक नाही. त्यातून दरवर्षी पंधरा शोधनिबंध निघत नाहीत. पण बारा वर्षांनी मोठा अभ्यास आला तेव्हा तो याच परिसरात का आला, याचे एक कारण उघड आहे: इथे मेलेली बाई मोजली जाते, हे जगाला माहीत झाले होते. नोंदवही नसती तर ३४ आणि ६४ हे आकडे कधीच हाती लागले नसते.

अशा वहीला आपल्या उच्च शिक्षणाच्या हिशेबात किती गुण आहेत? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी एपीआय नावाची गुणपद्धती आणली. परीक्षित नियतकालिकातल्या निबंधाला १५ गुण, अपरीक्षित पण आयएसएसएन असलेल्याला १०, असा तेव्हा हिशेब होता. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक आहे. गाडीच्या पाटीवरच्या क्रमांकाने तिचे इंजिन कसे आहे ते कळत नाही, तसेच याचे. पण गुण क्रमांकाला मिळणार म्हटल्यावर क्रमांक विकणारे निघाले. शेन आणि ब्योर्क या फिनलंडमधल्या अभ्यासकांनी २०१५ साली मांडलेल्या अंदाजानुसार पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतले लेख २०१० साली ५३ हजार होते, ते २०१४ साली ४ लाख २० हजारांवर गेले. लेखकांत सुमारे एक तृतीयांश भारतीय होते. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी १,००९ नियतकालिके तपासली, तर त्यांतली ८८ टक्के निकृष्ट निघाली. २०१८ च्या मे महिन्यात ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली गेली. मग ‘केअर’ यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करण्यात आली. याद्या येतात आणि जातात. मूळ कल्पना मात्र जागची हलत नाही: निबंध मोजायचा, वाचायचा नाही.

वैद्यकीय शिक्षणातही तेच झाले. २००५ ते २०१४ या दशकात देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही शोधनिबंध निघाला नाही, असे समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवले. यावर उपाय काय निघाला? पदोन्नतीला निबंधांची संख्या. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात मराठवाड्याबरोबर विदर्भ-खानदेशाच्या कडेचेही रुग्ण येतात. तिथे ज्याच्यासमोर रांग लागली आहे त्या डॉक्टराला चार निबंध मागितले तर तो रांगेतून प्रश्न काढील की चार निबंध काढील? दोन्हींत फरक आहे, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप याच शहरातून यायला हवा. मोजमाप नव्हते तेव्हा काय होते ते आठवा, असे कुणी म्हणेल. तेव्हा विभागप्रमुखाची मर्जी होती, जात होती, नातेगोते होते. गुणांची पद्धत कितीही बाष्कळ असली तरी ज्याच्या पाठीशी कुणी नाही अशा माणसाच्या हातात तिने एक कागद दिला. नागसेनवनात १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे राहिले आणि १९५८ साली विद्यापीठ आले. या वाटेने घरातली पहिली पदवी मिळवणारी पिढी अध्यापनात आली. तिच्यासाठी हा कागद क्षुल्लक नव्हता. हा आक्षेप मी मान्य करतो, पण एक विचारतो: कागद आल्यावर मर्जी गेली का? ती राहिलीच, वर निबंध छापण्याचे शुल्क आले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला ते त्याच्या तुटपुंज्या मानधनातून भरावे लागते, आणि ज्याची नोकरी पक्की त्याला ते जाणवतही नाही. मर्जीवरचा उतारा मोजण्यात नाही. उमेदवाराची सर्वोत्तम तीन कामे नाव झाकून बाहेरच्या परीक्षकांना वाचायला द्यावीत आणि त्यांचे लेखी मत उमेदवाराच्या हाती द्यावे. खर्च फारसा नाही. वाचण्याचा कंटाळा मात्र आहे.

याच आक्षेपाची दुसरी बाजू भाषेची. सोपी नियतकालिके ही इंग्रजी जड जाणाऱ्या संशोधकाची शिडी आहे, ती काढू नका. इथे बाबासाहेबांचे उदाहरण देण्याचा मोह अनावर आहे, आणि ते केवळ प्रेरणेसाठी देत नाही. १९२३ साली लंडनला स्वीकारल्या गेलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात त्यांनी सुवर्ण विनिमय परिमाणाला विरोध केला. त्या व्यवस्थेची पाठराखण खुद्द केन्स यांनी १९१३ च्या ग्रंथात केलेली होती. त्यानंतर त्यांनी १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. म्हणजे प्रश्न असा निवडला की त्यात हरण्याची पूर्ण शक्यता होती, आणि सरकारी आकडे अशा रीतीने लावले की चूक असेल तर कुणालाही दाखवता यावी. ज्याच्यापुढे दारे बंद होती त्याने सोपे दार शोधले नाही, कारण सोप्या दारापलीकडे खोली नसते हे त्याला ठाऊक होते. भाषेची अडचण खरी आहे. पण तिच्यावर उपाय भाषांतराचा, संपादकीय मदतीचा आणि मराठीत परीक्षित नियतकालिके नीट चालवण्याचा आहे. पैसे भरून छापून घेतल्याने इंग्रजी सुधारत नाही.

आणखी एक आक्षेप थोडक्यात. सगळेच संशोधन शेतात आणि दवाखान्यात नसते, गणितज्ञाला लातूरला पाठवून काय मिळणार? काहीच नाही, त्याला त्याच्या खोलीत राहू द्यावे. माझे म्हणणे ज्या विषयांत जग अडते त्यांपुरते आहे.

पैशाचा मुद्दा मात्र इतका सोपा नाही. धाराशिवच्या अभ्यासाएवढा निधी आपल्या विद्यापीठाला कोण देणार? कदाचित कुणीही नाही. पण ‘नाही’ ऐकण्याची सर्वांत महत्त्वाची अट जवळपास फुकट आहे: प्रश्न आधी नोंदवणे. वैद्यकात ही शिस्त आली आहे. भारताची वैद्यकीय चाचण्यांची नोंदणी २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून ती सक्तीची आहे. औषध देण्यापूर्वीच काय मोजणार, किती रुग्णांत, किती दिवसांनी, हे जाहीर करावे लागते. म्हणजे उत्तर गैरसोयीचे आले तर प्रश्न बदलता येत नाही. व्यवस्थापनशास्त्रात आणि अभियांत्रिकीत हीच गोष्ट विद्यापीठाच्या पातळीवर करायला कुणाची परवानगी लागते? पीएच.डी.ची नोंदणी होतानाच प्रश्न, मोजण्याची रीत आणि ‘कशाला मी “नाही” समजेन’ ही एक ओळ जाहीर करावी. प्रबंध ‘नाही’वर संपला तरी पदवी पूर्ण सन्मानाने मिळावी. २०२२ च्या नियमावलीत विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली, तेव्हा या सुधारणेला थोडी जागाही झाली आहे.

एका प्रश्नात तीन विषय एकत्र राहणे म्हणजे काय, हे आपल्या अंगणातल्या एका उदाहरणाने सांगतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. ती पत्रकारांनी आणि स्त्री-संघटनांनी लावून धरली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे समोर आले. हा प्रश्न कोणत्या विभागाचा? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिला मुकादमाने दिलेली उचल आणि खाडा पडला तर कापला जाणारा दंड, हे व्यवस्थापनशास्त्र आहे. पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवर कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया सुचवली जाते का, हे वैद्यक आहे. ती भीती एका एचपीव्ही चाचणीने बऱ्याच अंशी दूर करता आली असती, आणि ती चाचणी कसाला लागली ती शेजारच्याच जिल्ह्यात. बिनतारीचा भाग असा: चाचणीचा निकाल काही दिवसांनी येतो, तेव्हा ती बाई सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात एखाद्या फडावर असते. निरोप कुणाच्या फोनवर जाणार? स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या स्त्रिया त्याच राष्ट्रीय पाहणीत ५४ टक्के होत्या. बाकीच्या जणींचा निरोप नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या खिशात पडतो.

म्हणून प्रश्न असा मांडता येईल: निघण्याआधी गावात चाचणी करून निकाल फोनवर कळवला, आणि फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात पुढच्या तपासणीची सोय केली, तर पॉझिटिव्ह निघालेल्या किती जणी खरोखर तिथे पोहोचतात? स्वतःच्या फोनवर निरोप मिळालेल्या किती, आणि दुसऱ्याच्या फोनवर मिळालेल्या किती? खाड्याचा दंड भरून दिला तर आकडा हलतो का? घाटीचा स्त्रीरोग विभाग, विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांतल्या एकालाही हा प्रश्न एकट्याने सोडवता येणार नाही. उत्तर ‘नाही’ येऊ शकते, फोनचा काहीही फरक पडत नाही असे निघू शकते. पण गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि टोळ्या दिवाळीच्या आसपास गाव सोडतात. यंदा मोजायचे असेल तर प्रश्न गणपतीच्या आत नोंदवलेला हवा.